४८ कोटी वायुकोश आणि एक चूल

डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी सुमारे २७५ मीटर उंच आहे. दिल्लीचा कुतुबमिनार ७३ मीटरचा. तसे पावणेचार मिनार एकावर एक रचले तर तिची बरोबरी होईल. कोळशाचा धूर माणसांच्या नाकातोंडापासून जितका वर नेता येईल तितका न्यावा, यासाठी ही उंची. या धुरापायी तालुक्यातल्या माणसांनी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्याही केल्या. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण बसलं. धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा २००७ मध्ये उभी राहिली. ५०० मेगावॉटच्या एका केंद्रावर एवढा पहारा बसला, हे फार चांगलं झालं. देशात थोड्याच तालुक्यांना हे जमलं आहे.

त्या चिमणीकडे पाठ करून पूर्वेला निघालं, मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडला, की चढउतारांचा डोंगराळ मुलूख लागतो. सायवन हे गाव त्यातलंच. आजूबाजूला विखुरलेले पाडे, वस्ती बहुतेक वारल्यांची. जुन्या पद्धतीचं घर म्हणजे कारवीचा कूड, वर शेणमातीचं लिंपण, आणि खिडकी असलीच तर हातभर. चुलीला चिमणी नाही. धूर कौलांच्या फटींतून जमेल तसा बाहेर पडतो, बाकीचा घरातच घुटमळतो. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेल्या धान्याला त्याने कीड लागत नाही, छपराचा बांबूही टिकतो. धुराचे हे उपयोग खरे आहेत, आणि म्हणूनच तो पिढ्यान्‌पिढ्या घरात नांदला. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं, दार लावलेलं असतं, तेव्हा तर आत गेल्यावर काही क्षण समोरचं माणूस दिसत नाही. वीज केंद्राच्या धुराची उंची पावणेतीनशे मीटर. या धुराची उंची चुलीपुढे बसलेल्या बाईच्या नाकाएवढी. त्याच्यासाठी प्राधिकरण नाही आणि त्यावर कुणाचा पहाराही नाही.

हा धूर जातो कुठे, ते आधी पाहू. माणूस दिवसाला वीस-बावीस हजार वेळा श्वास घेतो. दर वेळी साधारण अर्धा लिटर हवा, म्हणजे दिवसाला १०,००० लिटर. हवेलाही वजन असतं. एवढी हवा सुमारे १२ किलो भरते. आपण दिवसभरात जेवतो आणि पितो त्या सगळ्याच्या कितीतरी पट माल एका नाकातून आत जातो, आणि खाण्यापिण्यासारखा तो निवडता येत नाही. मुख्य श्वासनलिका छातीत उतरली की तिला दोन फाटे फुटतात, त्या प्रत्येकाला पुन्हा दोन, असं साधारण २३ वेळा होतं. दोनाचे चार, चाराचे आठ करत २३ पायऱ्या उतरल्या की आकडा येतो ८३,८८,६०८. या फांद्यांच्या टोकाशी वायुकोशांचे घोस असतात. त्यांची काटेकोर मोजणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा एका माणसात सरासरी ४८ कोटी वायुकोश निघाले. कुणात २७ कोटी, कुणात ७९ कोटी. एकेक वायुकोश मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा. पण ही सगळी पातळ त्वचा उलगडून पसरली तर मोजणाऱ्याच्या पद्धतीप्रमाणे ७० ते १४० चौरस मीटर भरते. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे १३० चौरस मीटर. तेवढं मैदान प्रत्येकाच्या बरगड्यांच्या आत घडी घालून ठेवलेलं आहे. हवा आणि रक्त यांच्या मधला पडदा काही ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ आहे.

या मैदानावर रोज काय सांडतं? गुजरातच्या खेड्यांत, म्हणजे शेजारच्या तलासरी तालुक्याच्या सीमेपलीकडच्याच राज्यात, कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांबरोबर स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या श्वासाजवळची हवा मोजली. १९८३ साली ते आकडे छापून आले. चूल पेटलेली असताना दर घनमीटर हवेत जवळजवळ ७ मिलिग्रॅम कण होते. त्याआधी शास्त्राच्या जगात हवेचं प्रदूषण म्हणजे शहर, मोटारी आणि कारखाने. स्वयंपाकघरात यंत्र नेऊन ठेवावं, हे फारच थोड्यांना सुचलं होतं. स्मिथ पुढे आयुष्यभर हेच काम करत राहिले. लाकडाची चूल तासाभरात ४०० सिगारेटींइतका धूर ओकते, हा सगळीकडे सांगितला जाणारा हिशेब त्यांचाच. २०२० मध्ये ते वारले.

आता साधा गुणाकार करू. चूल दिवसाला चार तास पेटते असं धरू: सकाळची भाकरी, दुपारचा भात, संध्याकाळचं रांधण, मध्ये पाणी तापवणं. तासाला अर्धा घनमीटर हवा आत जाते असं धरू. काम करणाऱ्या बाईचा श्वास याहून जास्त असतो, तरी हातचं राखून बोलू. चार तासांत दोन घनमीटर हवा, त्यात १४ मिलिग्रॅम कण. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा ठरवली ती घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम. त्या हवेत दिवसाचे सगळे १०,००० लिटर श्वास घेतले तर आत जातील ५० मायक्रोग्रॅम. म्हणजे सायवनच्या एखाद्या पाड्यावरची बाई एका दिवसाच्या स्वयंपाकात त्या मर्यादेचे २८० दिवस ओढून मोकळी होते. स्मिथ यांनी सगळेच तरंगते कण मोजले होते, फक्त सूक्ष्म नव्हेत, हे खरं. पण लाकडाच्या धुरातले बहुतेक कण सूक्ष्मच असतात, त्यामुळे हिशेब थोडा सैल झाला तरी मोडत नाही.

पंधराव्या वर्षी मुलगी चुलीपुढे बसली आणि पन्नाशीपर्यंत बसली, तर ३५ वर्षांचे ५१,१०० तास होतात. रात्रंदिवस मोजले तर पावणेसहा वर्षं अखंड धुरात. या काळात नाकातून आत गेलेल्या कणांचं वजन १७९ ग्रॅम. त्यातले बरेचसे उच्छ्वासाबरोबर परत जातात, बरेचसे खोकल्याबरोबर आणि बेडक्याबरोबर बाहेर पडतात. पण जे राहतात ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या पडद्यावर राहतात. शिवाय हा हिशेब फक्त चुलीचा. उन्हाळ्याच्या शेवटी भातरोपांसाठी राब भाजतात, पालापाचोळा, शेण, फांद्या जमिनीवर पसरून पेटवतात, त्याचा धूर वेगळा. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्या भट्ट्यांचा धूर आणि धूळ वेगळी. बिडी वेगळी. जुना टीबी झालेला असेल तर बरा झाल्यावरही त्याचे व्रण फुप्फुसात राहतात, ते वेगळे.

वर्षानुवर्षं असा मार बसल्यावर लहान श्वासनळ्या सुजतात, आखडतात, त्यांत चिकट स्राव साचतो, आणि वायुकोशांच्या भिंती फाटून अनेकांचा मिळून एक ढिला पोकळ कप्पा होतो. आत घेतलेली हवा बाहेर पडायला जागा उरत नाही. या दुखण्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. गावात त्याला दमाच म्हणतात, किंवा नुसतं ‘धाप लागते’. दम्यात आकसलेल्या नळ्या बहुतेक वेळा पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत गेलेलं बहुतांशी परत येत नाही.

सगळ्यात घातक गोष्ट अशी की हे नुकसान फार उशिरा जाणवतं. पंचविशीनंतर प्रत्येकाचीच एका सेकंदात जोराने सोडता येणारी हवा वर्षाला २५-३० मिलिलिटरने कमी होत जाते. हे वयाचं देणं. ज्यांची फुप्फुसं धुराने खंगतात त्यांची ती ५० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त कमी होते. एखादीची सुरुवात अडीच लिटरने झाली असेल तर तीस वर्षांनी निरोगी बाईकडे १.६ लिटर उरते, धुरातल्या बाईकडे एक लिटर. पण वर्षाच्या त्या २० मिलिलिटरच्या फरकाने कोणत्याच सकाळी तिला काही वेगळं वाटत नाही. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढ चढताना पूर्वी एकदाही थांबावं लागत नसे, मग एकदा थांबावं लागतं, मग दोनदा. ती म्हणते, वय झालं. घरचेही तेच म्हणतात. डॉक्टरही पुष्कळदा तेच म्हणतात. तपासलेल्या फुप्फुसांवरून असं दिसलं आहे की अतिगंभीर आजारात टोकाच्या बारीक नळ्यांपैकी जेमतेम दहा टक्के शिल्लक असतात. म्हणजे दहातल्या नऊ जाईपर्यंत शरीर कसंबसं चालत राहिलेलं असतं.

यात आणखी एक भर पडते ती बालपणाची. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ पाहणीत, डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या माणसांचं वर्षानुवर्षं मोजमाप ठेवून, असं आढळलं की सीओपीडी झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांची फुप्फुसं तरुणपणीच लहान राहिली होती. त्यांची घसरण फार वेगाने झाली नव्हती, सुरुवातच खालून झाली होती. कमी वजनाची बाळं, कुपोषण, आणि आईच्या कमरेवर बसून धुरात गेलेली पहिली दोन-तीन वर्षं: पालघरच्या आदिवासी भागात या तिन्ही गोष्टी एकाच घरात भेटतात. त्यामुळे पन्नाशीतल्या बाईचा आजार म्हणून याच्याकडे पाहणं मला अपुरं वाटतं. त्याची पहिली नोंद अंगणवाडीच्या वजनकाट्यावर व्हायला हवी.

आता देशाचा आकडा. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली भारतातल्या राज्यवार आजारांचा मोठा अभ्यास आला. त्याप्रमाणे १९९० मध्ये देशात सीओपीडीचे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख. महाराष्ट्राची २०११ ची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, तेव्हा जवळजवळ अर्धा महाराष्ट्र धरा. २०१६ या एका वर्षात या आजाराने ८ लाख ४८ हजार माणसं गेली. दिवसाला २,३१७, तासाला ९७. डहाणू तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४ लाख २ हजार होती. असे दोन तालुके वर्षभरात रिकामे झाले आणि आणखी ४४ हजार माणसं गेली. जगातली १८ टक्के माणसं भारतात, पण श्वसनाच्या जुनाट आजारांचं जगातलं ३२ टक्के ओझं भारतावर.

टीबीशी ताडून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये भारतात टीबीने सुमारे सव्वातीन लाख मृत्यू झाले. दोन्ही अंदाज वेगळ्या वर्षांचे आणि वेगळ्या पद्धतीचे आहेत, तरी दुपटीहून मोठा फरक त्याने पुसला जात नाही. टीबीचं निदान झालेल्या रुग्णाची नोंद होते, बेडका तपासला जातो, औषध घरपोच येतं, गोळी घेतली का हे कुणीतरी विचारतं. ही व्यवस्था उभारायला देशाला दशकं लागली, आणि ती असायलाच हवी. पण पाड्यावरच्या खोकणाऱ्या बाईचा बेडका टीबीसाठी तपासून अहवाल ‘निगेटिव्ह’ आला, की त्या व्यवस्थेचं तिच्याशी असलेलं नातं तिथेच संपतं. हातात खोकल्याची बाटली येते, फार तर पाच दिवसांच्या गोळ्या. तिला टीबी नाही याचा सगळ्यांना आनंद होतो. मग तिला काय आहे, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

डॉक्टरांचा विचार बहुधा बिडीपाशी अडतो. ‘बिडी ओढता का?’ याला ‘नाही’ असं उत्तर आलं की सीओपीडीची शंका मनातून जाते. ही सवय मोडायचं मोठं काम पुण्याहून झालं. चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूड-शेणी-काडीकचऱ्याच्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी, हे त्यांनी शेजारी शेजारी मांडून दाखवलं. सीओपीडीच्या रुग्णांपैकी पाव ते जवळजवळ निम्म्या लोकांनी कधीच बिडी-सिगारेट ओढलेली नसते. भारतात तर वर सांगितलेल्या २०१८ च्या अभ्यासाने या आजाराच्या ओझ्यातला ५३.७ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाला दिला आणि २५.४ टक्के तंबाखूला. हे वाटे थोडे एकमेकांत मिसळतात, पण मोठा कोणता हे स्पष्ट आहे.

चेस्ट रिसर्च फाउंडेशननेच केलेली आणखी एक मोजणी मला फार महत्त्वाची वाटते. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातल्या ८८० शहरांत आणि गावांत ७,४०० डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या प्रत्येक रुग्णाची तक्रार लिहून ठेवली. रुग्ण झाले २,०४,९१२. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना श्वसनाशी संबंधित तक्रार होती. एका डॉक्टरकडे दिवसाला २७-२८ रुग्ण आले, तर चौदा जण छाती-घशाची कुरकुर घेऊन आले. त्या प्रत्येक टेबलावर रक्तदाबाचं यंत्र असतं. फुप्फुसं मोजायचं यंत्र क्वचित असतं. स्टेथोस्कोपला सुरुवातीचा आजार ऐकू येत नाही, एक्स-रेत दिसत नाही. जगातल्या २७ देशांत ४४ ठिकाणी जवळजवळ ३१ हजार माणसांना फुंकायला लावून तपासलं, तेव्हा ज्यांना सीओपीडी निघाला त्यातल्या ८१ टक्के लोकांना तोवर कुणी तसं सांगितलेलंच नव्हतं.

ते यंत्र काही नवलाईचं नाही. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने स्पायरोमीटरवर २,१३० माणसं मोजून १८४६ मध्ये निष्कर्ष छापले. आजचं यंत्र हातात मावतं. मावशीला खुर्चीवर ताठ बसवायचं, नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची. ‘मावशी, छाती भरून श्वास घ्या… आता फुंका, जोरात, अजून, अजून, सोडू नका!’ सहा सेकंदांत बाईचा चेहरा लाल होतो, पदर सावरत ती हसते, आणि पुन्हा दोनदा फुंकते. मग श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध द्यायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि परत फुंकायला लावायचं. पूर्ण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी बाहेर आली तर नळ्या अडल्या आहेत. सगळं मिळून अर्धा तास. तरी ग्रामीण आरोग्य केंद्रात हे यंत्र आजही सर्रास सापडणारी वस्तू नाही.

निदान झालं तरी पुढे लोकांच्या मनातला अडसर असतो. ‘पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, गोळी बरी.’ शिकलेल्या घरांतही हे ऐकायला मिळतं. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. ती पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जाते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. इनहेलरचा, म्हणजे पंपाचा, एक झोत १०० मायक्रोग्रॅमचा, तोही थेट जिथे हवा तिथे. ज्याला लोक जालीम समजतात तो सौम्य समजल्या जाणाऱ्या गोळीच्या चाळिसाव्या हिश्शाचा आहे. एवढा एक आकडा दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला तरी पुष्कळ फरक पडेल.

गॅसचं काय, असं कुणीही विचारेल. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ ला महाराष्ट्रातच, औरंगाबादेत दिली गेली. घरात शेगडी आली, हे मोठंच काम. पण उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी साडेचारच्या आसपास सिलिंडर जातात. १४.२ किलोचे साडेचार म्हणजे ६४ किलो, दिवसाला १७५ ग्रॅम. मोठा बर्नर साधारण तासाभरात एवढा गॅस खातो. पाच-सहा माणसांचं दोन वेळचं रांधण त्यात होत नाही. उरलेलं चुलीवर होतं, कारण रानातल्या लाकडाला पैसे पडत नाहीत. आणि धूर कमी झाल्याचं फळ यायलाही वेळ लागतो. चीनच्या युन्नान प्रांतात श्वानवेइ इथे घराघरांतल्या चुलींना धुराडी बसवली, २० हजारांहून जास्त लोकांची नोंद तपासली, तेव्हा सीओपीडीचा धोका पुरुषांत ४२ टक्के आणि स्त्रियांत २५ टक्के कमी झालेला दिसला. पण तो फरक ठळक व्हायला साधारण दहा वर्षं जावी लागली. नुसत्या धुराड्याने एवढं झालं, हे मात्र लक्षात घ्यायला हवं.

शेवटी पुन्हा सायवनकडे. डहाणू आणि तलासरी मिळून २०११ ची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या वर होती. सीओपीडीचं देशातलं ४.२ टक्के हे प्रमाण लावलं तर सुमारे २३,४०० रुग्ण होतात, आणि जगाचा ८१ टक्क्यांचा हिशेब धरला तर त्यातल्या १९,००० लोकांना आपल्याला काय झालंय ते ठाऊक नाही. हा कागदावरचा गुणाकार आहे, पाहणी नव्हे. इथली वस्ती तरुण आहे म्हणून आकडा खाली येईल, चुलींमुळे वर जाईल. आदिवासी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे २०,००० लोक असावेत असा सरकारी निकष आहे. तेवढ्यांत ८४० रुग्ण. एकेकाला अर्धा तास दिला तर ४२० तास, म्हणजे रोज सात तासांप्रमाणे ६० दिवसांचं काम. एक यंत्र, एक शिकवलेली नर्स, दोन महिने.

कुणाला आधी बोलवायचं हे ठरवायलाही नवी पाहणी लागत नाही. तिशीवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई पाड्यापाड्यावर जाऊन भरतातच. त्यात दम लागतो का, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का, हे प्रश्न आहेत. पुढे स्वयंपाकाला कोणतं जळण वापरता, आणि वीटभट्टीसारख्या धुराधुळीच्या जागी काम करता का, हेही आहेत. ज्या कागदावर पहिल्या भागात ‘हो’ आणि दुसऱ्या भागात ‘लाकूड’ लिहिलं असेल, ते कागद वेगळे काढायचे आणि त्याच माणसांना सर्वांत आधी फुंकायला बोलवायचं.